गॅस की वीज? आधी पातेल्यात किती उष्णता पोचते ते मोजा

गॅस किलोवर किंवा घनमीटरवर मिळतो, वीज युनिटवर. दोन्ही बिलं शेजारी ठेवून कुठलं मोठं ते बघायचं, हा हिशेब बहुतेक घरांत होतो आणि बहुतेक वेळा चुकतो. आपण विकत इंधन घेतो खरं, पण आपल्याला हवं असतं तापलेलं पाणी, तापलेलं भांडं, उबदार खोली. विकत घेतलेल्या इंधनातला किती भाग तिथवर पोचतो, यावर सगळं अवलंबून असतं. आणि हे उत्तर स्वयंपाकघरात एक निघतं, न्हाणीघरात दुसरं. म्हणून 'घरासाठी गॅस बरा की वीज' असा एकच प्रश्न विचारू नये. एकेक उपकरण घ्यावं.

कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. दर मी मुद्दाम दिलेले नाहीत. ते जागोजागी वेगळे असतात आणि बदलतात. खालच्या आकड्यांत तुमच्या बिलावरचे दर घाला.

पायरी १ : सगळं युनिटमध्ये आणा

विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३.६ मेगाज्यूल ऊर्जा. गॅसलाही हेच माप लावता येतं.

- एक किलो एलपीजी जाळल्यावर सुमारे १२.८ युनिट उष्णता मिळते.
- पाइपने येणारा नैसर्गिक वायू एका घनमीटरला साधारण १० युनिट देतो. वायूच्या मिश्रणाप्रमाणे हा आकडा थोडा वर-खाली होतो.

काही गॅसबिलांवर उष्मांक छापलेला असतो, तो असेल तर तोच घ्या. मात्र उष्मांकाचे दोन प्रकार असतात. धुरातल्या वाफेची उष्णता धरून काढलेला स्थूल आणि ती वगळून काढलेला निव्वळ. नैसर्गिक वायूत दोहोंमध्ये सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो. वरचे आकडे निव्वळ आहेत. कुठलाही घ्या, पण एका हिशेबात दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता गॅसच्या किलोचा दर १२.८ने भागा. आलेला आकडा विजेच्या युनिटच्या दराशेजारी लिहा. बहुतेक ठिकाणी गॅस इथे स्वस्त दिसेल, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. थांबू नका, खरा हिशेब पुढे आहे.

पायरी २ : भांड्यात किती पोचतं ते स्वतः मोजा

गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निसटते. घरच्या रोजच्या वापरात शेगडीची कार्यक्षमता साधारण ४० ते ५५ टक्के धरावी. प्रयोगशाळेत, योग्य मापाचं रुंद भांडं ठेवून केलेल्या चाचणीत चांगला बर्नर याहून बराच वर जातो, पण आपण लहान पातेल्याखाली मोठी आच ठेवतो हे प्रयोगशाळेला कुठे ठाऊक? विजेच्या साध्या तव्याच्या किंवा काचेच्या पृष्ठभागाच्या शेगडीत ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यात जाते. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे तिथे ८५ टक्क्यांपर्यंतचा आकडा धरायला हरकत नाही.

माझ्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. अर्ध्या तासात स्वतःचा आकडा काढता येतो.

दोन लिटर पाणी मोजून घ्या. थर्मामीटरने सुरुवातीचं तापमान नोंदवा. झाकण ठेवून पाणी बरोबर ६० अंश सेल्सियसने वाढेपर्यंत तापवा, उदाहरणार्थ ३० वरून ९० पर्यंत. उकळी येईपर्यंत थांबू नका. उकळी नेमकी कधी आली हे डोळ्यांनी ठरत नाही आणि वाफेत उष्णता जाते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात, म्हणून या कामाला पाण्याने घेतलेली उष्णता २ × ६० × ४.१८६, म्हणजे सुमारे ५०२ किलोज्यूल. युनिटमध्ये ०.१४.

वीज मोजायला प्लगमध्ये बसणारं छोटं वीजमापक यंत्र सोयीचं. ते नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा मोजा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेलं असतं. समजा ३२०० लिहिलंय आणि पाणी तापेपर्यंत दिवा ५४४ वेळा लुकलुकला, तर ०.१७ युनिट खर्च झालं. (५४४ वेळा मोजायचा कंटाळा येतो, हे मान्य. मोबाइलवर चित्रण करून नंतर मोजा.)

पाइपच्या गॅसला मीटर असतो आणि त्यावरचे शेवटचे आकडे लिटर दाखवतात. तेच पातेलं, तेवढंच पाणी, तेवढेच अंश. समजा ३० लिटर, म्हणजे ०.०३ घनमीटर गॅस गेला.

आता कार्यक्षमता काढायची असेल तर काढा: विजेची ०.१४ भागिले ०.१७, म्हणजे ८२ टक्के, गॅसची ०.१४ भागिले ०.३, म्हणजे ४७ टक्के. पण खरं सांगायचं तर त्याचीही गरज नाही. एका कामाला ०.१७ युनिट वीज लागली आणि ०.०३ घनमीटर गॅस. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर मिळतं: या घरात, या भांड्यात, एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ५.७ युनिट वीज. उष्मांक, स्थूल-निव्वळ, सगळी भानगड बाजूला पडते.

सिलिंडर असेल तर एका पातेल्यापुरता गॅस काट्यावर दिसतच नाही, तो जेमतेम २५ ग्रॅम असतो. तिथे आठवड्याचा प्रयोग करा. एक आठवडा सगळा स्वयंपाक गॅसवर आणि सिलिंडरचं वजन आधी-नंतर; दुसरा आठवडा सगळा इंडक्शनवर आणि वीजमापकाची नोंद. दोन्ही आठवडे घरात माणसं तेवढीच असावीत आणि पाहुणे नसावेत. नाहीतर मोजणी पाहुण्यांची होते.

पायरी ३ : बरोबरीचा आकडा

प्रयोग करायला वेळ नसेल त्यांच्यासाठी अंदाजी आकडे. शेगडी ४५ टक्के आणि इंडक्शन ८५ टक्के धरून:

- एक किलो एलपीजीचं काम करायला सुमारे ६.८ युनिट वीज लागते. म्हणजे १० किलो गॅसबरोबर ६८ युनिट.
- एका घनमीटर नैसर्गिक वायूचं काम सुमारे ५.३ युनिटमध्ये होतं.

आपला विजेचा दर ६.८ने गुणा. तो एक किलो गॅसच्या दरापेक्षा कमी आला तर इंडक्शन स्वस्त, जास्त आला तर गॅस. इंडक्शनऐवजी साधी विजेची शेगडी असेल तर ६.८च्या जागी ८.२ घ्या. इथेच कळतं की 'विजेची शेगडी' हा एक प्रकार नाही. त्यातल्या दोन जातींमध्येही बराच फरक आहे.

एक राहिलंच. शेगडीची वाया जाणारी निम्मी उष्णता नाहीशी होत नाही, ती स्वयंपाकघरात राहते. उन्हाळ्यात ती बाहेर काढायला पंखा किंवा एसी चालतो, त्याची वीजही खरं तर गॅसच्या खात्यावर टाकायला हवी. थंडीत तीच उष्णता थोडीफार उपयोगी पडते. हे नेमकं मोजणं अवघड आहे, पण स्वयंपाक करणाऱ्याला ते मोजावं लागत नाही, अंगाला जाणवतंच.

पायरी ४ : न्हाणीघरात गणित उलटतं

झटपट पाणी तापवणाऱ्या गॅस गिझरमध्ये ज्योतीभोवती तांब्याच्या नळ्या असतात, त्यामुळे ८० टक्क्यांच्या घरात उष्णता पाण्यात जाते. उलट विजेच्या कॉइलचं श्रेय इथे घटतं. ती जवळपास १०० टक्के उष्णता पाण्याला देते खरी, पण टाकी असेल तर तापलेलं पाणी वाट बघत थंड होत राहतं. नीट वापरलेला टाकीचा गिझर ९० टक्के धरला, तर एक किलो एलपीजीचं काम करायला ११.४ युनिट लागतात. स्वयंपाकात हाच आकडा ६.८ होता. म्हणजे ज्या घरात इंडक्शन स्वस्त पडतो, त्याच घरात विजेचा गिझर महाग पडू शकतो. ज्यांनी एका उपकरणावरून सगळ्या घराचा निर्णय घेतला, ते इथे फसतात.

टाकीची गळती मोजणं सोपं आहे. एक अख्खा दिवस गिझर चालू ठेवा आणि गरम पाणी अजिबात वापरू नका. जेवढी वीज गेली तेवढी निव्वळ वाया. समजा एक युनिट गेलं. रोज १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ३.५ युनिट लागतात, तर त्या एका युनिटमुळे कार्यक्षमता ७८ टक्क्यांवर येते. पण रोजचा वापर ३० लिटरचाच असेल तर कामाचं युनिट एक आणि वाया गेलेलंही एक! मोठी टाकी, कमी वापर आणि दिवसभर चालू बटण, यासारखी उधळपट्टी दुसरी नाही. लहान टाकी घ्या, किंवा आंघोळीआधी तेवढंच चालू करा.

जुन्या गॅस गिझरांची वेगळीच गळती असते, सतत जळणाऱ्या लहान ज्योतीची. १५० वॅटची ज्योत दिवसाला ३.६ युनिट खाते, म्हणजे पाव किलोहून जास्त एलपीजी, कुणी आंघोळ करो वा न करो. ठिणगीने पेटणाऱ्या गिझरात हा प्रकार नाही.

आणि तिसरा भिडू, हीट पंप. हा उष्णता तयार करत नाही; फ्रिज जसा आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. त्यामुळे एका युनिट विजेत अडीच ते चार युनिट उष्णता पाण्याला मिळते. थंड हवेत कमी, उबदार हवेत जास्त. टाकीची गळती धरून अडीच पट घेतला, तर एक किलो एलपीजीचं काम ४.१ युनिटमध्ये होतं. कॉइलला ११.४ लागत होती! खर्चिक उपकरण आहे, जागा खातो, आवाज करतो, पण गरम पाणी भरपूर लागणाऱ्या घरात याचा हिशेब करायलाच हवा.

खोली गरम करणं आणि कपडे वाळवणं यालाही हाच नियम. साधी कॉइल गॅसपुढे टिकत नाही, हीट पंप टिकतो. वाळवण्याला मात्र ऊन आणि वारा यांच्या पंगतीत कुणीच बसत नाही.

पायरी ५ : दर कुठला धरायचा

बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. तुम्ही एक उपकरण वाढवाल तेव्हा वाढलेली युनिट्स ज्या टप्प्यात पडतील, तोच दर लागू. टप्प्याटप्प्याने चढणारा दर असेल तर नवी युनिट्स सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यात पडतात. सरासरीने काढलेलं उत्तर तिथे नेहमी गोड निघतं. दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलत असेल तर टाकीचा गिझर स्वस्त वेळेत चालवता येतो, शेगडीला ती मुभा नाही.

ठरावीक आकाराचं उलटं आहे. गॅसजोडणीचं मासिक भाडं एक शेगडी कमी केल्याने कमी होत नाही. शेवटचं गॅस उपकरण निघालं की मगच ते वाचतं. म्हणून शेवटच्या उपकरणाच्या खात्यात ती सगळी बचत धरायची, पहिल्याच्या नाही. तसंच वीजजोडणीचा मंजूर भार वाढवावा लागला तर त्याचा आकार वीजेच्या बाजूला लिहा.

मग परतफेड: दोन उपकरणांच्या किमतीतला फरक, अधिक वायरिंग, भांडी, बसवणी, हे सगळं भागिले वर्षाची बचत. उत्तर उपकरणाच्या आयुष्याच्या निम्म्याहून जास्त वर्षं येत असेल तर मी तरी पैशासाठी म्हणून बदल करणार नाही. चालती शेगडी काढून टाकायची घाईही नको. जुनं मोडेल तेव्हा नवं काय घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवा. कारण गिझर बंद पडलेल्या सकाळी कुणी परतफेडीचा हिशेब करत नाही, दुकानात जे असेल ते उचलून आणतो.

पायरी ६ : कार्बनचा हिशेब

एलपीजी जाळताना प्रत्येक युनिट उष्णतेमागे ०.२२७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायूत ०.२०२ किलो. ४५ टक्के शेगडीवर भांड्यात पोचलेल्या एका युनिटमागे एलपीजीचा आकडा ०.५० किलोवर जातो. विजेला घरात धूर नाही, पण वीजकेंद्रात असतो. तिथली वीज कशापासून बनते यावर सगळं आहे. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती, हिच्या २०१४च्या अहवालात पूर्ण जीवनचक्राचे (केंद्र उभारण्यापासून मोडण्यापर्यंतचे) मध्यम आकडे दर युनिटमागे असे आहेत: कोळसा ०.८२ किलो, वायू ०.४९, छतावरचं सौर ०.०४१, अणुऊर्जा ०.०१२, जमिनीवरची पवनऊर्जा ०.०११.

तुमच्या वीजजाळ्याचा सरासरी आकडा शोधा, बहुतेक देशांची ऊर्जाखाती तो प्रसिद्ध करतात. तो वीजकेंद्राच्या दारातला असेल तर वाहतुकीतली गळती त्यात मिळवा: ०.६० किलो आणि १५ टक्के गळती असेल तर घरापाशी तो ०.७१ होतो. मग हे बरोबरीचे आकडे बघा, एलपीजीच्या तुलनेत:

- इंडक्शन : जाळ्याचा आकडा ०.४३पेक्षा कमी असेल तर वीज स्वच्छ.
- कॉइलचा गिझर : ०.२६पेक्षा कमी हवा. कोळशावर चालणारं जाळं इथे सपशेल नापास.
- हीट पंप गिझर : ०.७१पर्यंत चालतं. म्हणजे बऱ्यापैकी काळ्या जाळ्यावरही हा गॅसच्या बरोबरीने उभा राहतो.

पाइपच्या गॅसशी तुलना करताना हे आकडे थोडे खाली येतात, अनुक्रमे ०.३८, ०.२३ आणि ०.६३. यात गॅसच्या उत्खननाचा आणि वाहतुकीचा भार धरलेला नाही; तो धरला की पारडं विजेकडे आणखी झुकतं.

आज घेतलेलं उपकरण दहा-पंधरा वर्षं घरात राहतं, हेही लक्षात ठेवा. त्या काळात वीजजाळ्यात सौर आणि पवनऊर्जा वाढली तर तीच शेगडी आपोआप स्वच्छ होत जाते. गॅसची ज्योत मात्र पहिल्या दिवशी जेवढा कार्बन सोडते, तेवढाच शेवटच्या दिवशी सोडते. सीमारेषेवरचा निर्णय असेल तर मी या एका कारणाने विजेकडे झुकेन.

न जळलेला वायू

पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालानुसार खनिज इंधनातला मिथेन २० वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ८२.५ पट, तर १०० वर्षांच्या मापाने २९.८ पट तापवतो. आता गणित करा. एक किलो मिथेन जाळला तर २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्याच्याबरोबर एक टक्का, म्हणजे १० ग्रॅम, न जळता सुटला तर २० वर्षांच्या मापाने ०.८३ किलोची भर पडते. म्हणजे एका टक्क्याच्या गळतीने भार ३० टक्क्यांनी वाढला. शंभर वर्षांच्या मापाने ही वाढ ११ टक्के.

आणि एक टक्का हा काही काल्पनिक आकडा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ५३ घरांतल्या शेगड्या तपासून २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वापरलेल्या गॅसपैकी ०.८ ते १.३ टक्के मिथेन तसाच सुटत होता, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक शेगडी बंद असताना! सांधे आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तो सुरक्षिततेसाठीही करायचाच आहे. एलपीजी मिथेन नाही, प्रोपेन आणि ब्यूटेन आहे, त्यामुळे वरचं गणित त्याला लागू नाही.

हीट पंपही धुतल्या तांदळासारखा नाही. त्यात शीतकवायू, म्हणजे फ्रिजसारखाच उष्णता वाहून नेणारा वायू, असतो. आर-१३४ए सारखा एक किलो वायू सगळा गळाला तर सुमारे १४०० ते १५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. रोज १०० लिटर पाणी एलपीजीवर तापवल्याच्या चार वर्षांएवढा. आर-२९०, म्हणजे साधा प्रोपेन, वापरणारं यंत्र मिळालं तर ही चिंता जवळपास मिटते. विकत घेताना पाटीवर शीतकवायूचं नाव वाचा, आणि जुनं यंत्र भंगारात देताना वायू आधी काढून घ्यायला सांगा.

घरातली हवा

ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हे कारण पैशाच्या हिशेबापेक्षा मोठं ठरतं. तळण-परतण्याचा धूर मात्र दोन्ही शेगड्यांवर सारखाच होतो, त्यामुळे इंडक्शन घेतलं म्हणून खिडकी किंवा धूर ओढणारा पंखा बंद करू नका.

गॅस गिझरबद्दल एक गोष्ट हिशेबाच्या पलीकडची. तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. हवा अपुरी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस गुंगीत जाऊन बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हवा, किंवा बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा बंदिस्त प्रकारचा हवा. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली तर वापर थांबवून तपासणी करून घ्या.

विकत घेण्याआधी

फ्रिजवरचं चुंबक घेऊन घरातल्या भांड्यांच्या तळाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनला चालेल. निम्मी भांडी नापास झाली तर त्यांची किंमत परतफेडीच्या हिशेबात टाका.

वायरिंग बघा. २३० व्होल्टवर २००० वॅटची एक चूल ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. चार चुलींचा ७ किलोवॅटचा संच ३० अँपिअरपर्यंत जातो, त्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) लागतो. एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन चालवायचा मोह टाळा.

वीज वारंवार जात असेल तर सगळं घर विजेवर नेऊ नका. एक बर्नर ठेवा. रोजचं काम इंडक्शनवर आणि अडीनडीला ज्योत, अशी जोडी चालते. मात्र पाइपच्या गॅसचं भाडं तेवढ्यासाठी दरमहा भरावं लागेल, म्हणून अशा घरात अडीनडीसाठी लहान सिलिंडर जास्त सोयीचा पडतो.

आणि दोन्ही बाजूंना लागू पडणारी, फुकट मिळणारी बचत आधी करून घ्या: पातेल्यावर झाकण, भांड्याच्या तळाबाहेर न जाणारी ज्योत, उकळी आल्यावर बारीक आच, गिझरचा तापमानाचा काटा आपण पाणी मिसळतो तितका खाली. हे करून झाल्यावर पायरी २ चा प्रयोग पुन्हा करा. शेगडीचा आकडा ४५ वरून ५५ टक्क्यांवर गेला तर एक किलो एलपीजी ६.८ नव्हे, ८.३ युनिटच्या बरोबरीची होते, आणि बदलायचं की नाही हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.